छर्रा डावीकडे का जातो?

हैदराबादच्या ईशा सिंगने २०२३ साली हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत १० मीटर हवाई पिस्तुलात रौप्यपदक मिळविले. आपल्या मुलांनाही हा नाद लागला तर नवल नाही. उजव्या हाताच्या नवशिक्याचे छर्रे बहुधा डावीकडे खाली जातात. तो मागील खाच फिरवीत बसतो, आणि आम्ही पालक 'याला नेमच नाही' म्हणून मोकळे होतो!

दोष बहुधा बोटाचा असतो. चाप हिसक्याने ओढला की मनगट झुकते. नळीच्या टोकाची माशी खाचेत १ मिलिमीटर ढळली, तरी छर्रा जवळजवळ ३० मिलिमीटर दूर पडतो. दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून चाप सावकाश दाबावा, दृष्टी माशीवर ठेवावी. निशाण अंधुक दिसेना का. माशी स्थिर राहूनही छर्रे बाहेर एकाच जागी पडले, तरच खाच फिरवावी.