संथ धावण्याचे महत्त्व

धावण्याइतका सुलभ व अल्पखर्चाचा व्यायाम क्वचितच आढळेल. त्यासाठी ना सुसज्ज क्रीडांगण लागते, ना महागडी साधने. तरीही मोठ्या उत्साहाने धावू लागलेली अनेक प्रौढ माणसे अल्पावधीतच हा व्यायाम सोडून देतात. पहिल्याच दिवशी शर्यतीच्या वेगाने धावावे, धाप लागावी, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या व गुडघे दुखावेत आणि 'आता हे वयाला झेपणार नाही' असे म्हणून घरी बसावे, असा हा क्रम असतो. वास्तविक येथे दोष वयाचा नसून वेगाचा असतो.

ऑकलंडचा अनुभव

या बाबतीत न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराचा अनुभव उद्बोधक आहे. जोडे बनविण्याच्या व्यवसायात असलेले आर्थर लिडियार्ड (१९१७-२००४) यांनी प्रथम स्वतःवर प्रयोग करून धावण्याची एक पद्धती सिद्ध केली. हंगामाच्या प्रारंभी दम न कोंडता दीर्घ अंतर धावावे आणि त्या पायावर पुढे वेगाचा सराव करावा, हे तिचे सूत्र होते. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटर शर्यतीचा धावपटू. परंतु तोही डोंगराळ रस्त्याने सुमारे ३५ किलोमीटर धावत असे. ज्या रोम ऑलिम्पिकमध्ये आपल्या मिल्खासिंग यांचे पदक थोडक्यात हुकले, त्याच स्पर्धेत २ सप्टेंबर १९६० या एकाच दिवशी स्नेलने ८०० मीटर व मरे हॅलबर्गने ५,००० मीटर शर्यतीत सुवर्णपदक पटकावले.

हेच तत्त्व पुढे लिडियार्ड यांनी सामान्य नागरिकांसाठी उपयोगात आणले. १९६२ च्या सुमारास ऑकलंडमध्ये प्रौढांचे मंडळ स्थापन झाले. गप्पा मारता येतील अशा गतीने हे सभासद धावत. त्यांत हृदयविकारातून बरे झालेलेही होते. अमेरिकेतील प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले असता त्यांच्याहून वयाने बरेच मोठे असलेले सभासदही त्यांना मागे टाकू लागले. प्रभावित झालेल्या बॉवरमन यांनी १९६७ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने 'जॉगिंग' हे पुस्तक प्रसिद्ध केले व या व्यायामाचा अमेरिकेत प्रसार झाला.

शरीरात काय घडते?

संथ धावण्याच्या नियमित सरावाने हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते. स्नायूंमधील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि शरीर इंधन म्हणून चरबीचा अधिक वापर करू लागते. याखेरीज आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हृदय व स्नायू त्वरेने सुधारतात; परंतु हाडे व कंडरा यांना बळकट होण्यास अधिक अवधी लागतो. हा अवधी न देता वेग वाढविल्यास दुखापती उद्भवतात. जागतिक दर्जाचे सहनशक्तीचे खेळाडूदेखील सरावाची सुमारे ८० टक्के सत्रे सौम्य गतीनेच करतात, असे नॉर्वेतील शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

गती कशी ठरवावी?

धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत, ही सर्वांत सोपी कसोटी होय. वाक्य मध्येच तुटू लागले, की गती कमी करावी अथवा चालावे. नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, २० ते ३० मिनिटे, एक-दोन मिनिटे धावणे व तितकेच चालणे असा आरंभ करावा. प्रथम वेळ वाढवावा. वेगाचा विचार काही महिन्यांनंतर करावा.

किनारपट्टीच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे नेहमीच्याच गतीनेही नाडी अधिक जलद चालते. म्हणून पहाटेची वेळ निवडावी व उन्हाळ्यात गती आणखी कमी ठेवावी. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तात्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

शाळांतून धावणे म्हणजे केवळ शर्यत, अशी मुलांची समजूत होते. शर्यतीत मागे पडणारा विद्यार्थी बहुधा पुन्हा धावतच नाही. शिक्षकांनी मुलांना बोलत, हसत धावण्याची गोडी लावल्यास हा व्यायाम त्यांना आयुष्यभर साथ देईल. ग्रामस्थांनी व कर्मचाऱ्यांनीही दोघे-चौघे मिळून हा उपक्रम सुरू करावा. कोण पुढे गेला याला येथे महत्त्व नाही. वर्षानंतरही कोण धावत आहे, यालाच खरे महत्त्व आहे.