लिव्हरचा शंट आणि जिवाणूंचा ताप

रावेर-यावलकडे केळीच्या बागेतलं ठिबक तुम्ही बघितलंच असेल. विहिरीचं पाणी आधी फिल्टरमधून जातं, मग नळ्यांमध्ये. फिल्टर गच्च झाला की मागे दाब वाढतो. तेव्हा बायपासचा व्हॉल्व्ह उघडला तर दाब लगेच उतरतो, पण न गाळलेलं पाणी थेट पुढे जातं. लिव्हरच्या शंटचं असंच आहे.

आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात येतं. यकृताच्या एकूण रक्तपुरवठ्यापैकी साधारण ७५ टक्के याच वाटेने येतो. त्यात अन्नरस असतो, आणि आतड्यातून निसटलेले जिवाणूही. यकृतातल्या कुप्फर पेशी त्यांना गिळतात. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं (गावात लोक लगेच दारूवर जातात, पण कावीळ बी, सी आणि लिव्हरच्या चरबीनेही तो होतो). मग दाब वाढतो, पोटात पाणी साचतं, अन्ननलिकेच्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. औषध आणि एंडोस्कोपीने भागलं नाही की काही रुग्णांमध्ये डॉक्टर 'टिप्स' करतात. मानेच्या शिरेतून जाऊन यकृतातच पोर्टल शीर आणि यकृताची शीर जोडायची, वाट उघडी राहावी म्हणून जाळीदार स्टेंट बसवायचा. १९६९ मध्ये योसेफ रोश यांनी हा प्रयोग कुत्र्यांवर केला. १९८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला धातूचा स्टेंट वापरून तो माणसात झाला.

आता बघा, काही रक्त गाळण चुकवून पुढे गेलं. त्यातले ई. कोलाय, क्लेबसिएला, एंटेरोकोकस असे जिवाणू क्वचित स्टेंटवरच्या गुठळीत घर करतात. याला एंडोटिप्सायटिस म्हणतात. ताप येतो, उतरतो, परत येतो. ब्लड कल्चरमध्ये पुन्हा पुन्हा तोच जिवाणू सापडतो, दुसरीकडे कुठे जंतू दिसत नाहीत. स्टेंट यकृतात रुतलेला, काढता येत नाही. म्हणून कित्येक आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागतं. तेवढ्याने नाही भागलं तर प्रत्यारोपणाचा विचार होतो.

घरात असा पेशंट असेल आणि ताप आला, तर मेडिकलवरून गोळ्या आणून देऊ नका. अर्धवट अँटिबायोटिकने कल्चरमध्ये जिवाणू सापडत नाही, आणि ताप मात्र आतून चालूच राहतो. थांबूही नका. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की धुळ्याचं भाऊसाहेब हिरे, कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य "लिव्हरमध्ये स्टेंट आहे" हे सांगा, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा.