घाटाच्या पायथ्याशी अर्धा गुंठा

परसबागेचा धडा सांगताना पुस्तके बहुधा बियाण्यांच्या नावांनी आरंभ करितात. आपल्या पोलादपूर-महाडकडे मात्र आरंभ पावसापासूनच केला पाहिजे. आंबेनळी घाटाच्या माथ्यावर, महाबळेश्वरी, वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पायथ्याशी तो 3,000 मिलिमीटरांहून अधिक असतो, म्हणजे पुण्याच्या निदान चौपट. हे पाणी उतारावरून सावित्रीकडे धावताना मोकळ्या जमिनीवरची मऊ, कसदार माती बरोबर घेऊन जाते व मागे मुरूम ठेविते. जुलै 2021 मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून 80 हून अधिक माणसे दगावली, हे आपणांपैकी कोण विसरेल? तसल्या दरडीपुढे वाफ्याचा बांध काहीच नव्हे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु दर पावसाळ्यात परसातून मुकाट्याने निघून जाणारी माती अडविणे हे शाळकरी मुलाच्याही हातचे आहे.

जागा किती घ्यावी? इंग्लंडात 1908 च्या कायद्यान्वये गावोगावी नागरिकांस भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे खंडाने मिळू लागले. त्यांचे रूढ माप आपल्या अडीच गुंठ्यांच्या जवळपास भरते. विद्यार्थ्यास अर्धा गुंठा, म्हणजे 33 फूट लांब व साडेसोळा फूट रुंद जागा पुष्कळ झाली. याहून मोठी मागणाऱ्याने आधी एक पावसाळा एवढी राखून दाखवावी. जागेवर ऊन पडत असावे व न्हाणीचे पाणी तेथवर नेता यावे.

वैशाखात कुदळ हाती घ्यावी. वाफे उताराला आडवे काढावेत, उताराच्या दिशेने कदापि नव्हे. वाफा तीन फूट रुंद व वीतभर उंच असावा. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो व मातीवर पाय देण्याचा प्रसंग येत नाही. दोन वाफ्यांमध्ये चर खणून तो कडेच्या पाटास जोडावा, आणि खालच्या कडेला दगडांची ताल रचावी. चर बुजला की मुळांशी पाणी तुंबते आणि मिरचीसारखी रोपे आठवडाभरात माना टाकतात. म्हणून आषाढात खुरप्यापेक्षा चराकडेच अधिक लक्ष असावे.

खताविषयी थोडे परखडपणे लिहितो. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तिच्याविषयी मतभेद असोत, पण परसातील पालापाचोळा जाळण्यास मला कोणतेही कारण दिसत नाही. तो खड्ड्यात शेणाबरोबर थरांनी घालून ओलसर ठेवावा. मधून मधून वरखाली केल्यास काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते. अतिवृष्टीने चुना धुपून आपली माती आंबट होते, तिला चुलीची राख मूठभर दिल्यास हितकर ठरते.

मृगाच्या सुमारास भेंडी, माठ आणि मांडवावर चढणारी पडवळ, दोडकी, कारली लावावीत. भेंडीच्या दोन झाडांत फूटभर अंतर ठेवावे. मुले बी दाट टाकतात व मग विरळणी करताना त्यांच्या जिवावर येते. वेलांच्या फळांस फळमाशी डंख करिते. कोवळे फळ कागदात गुंडाळावे, व किडलेले फळ तेथेच न टाकता खोल पुरावे. कारण त्यातील अळ्या जमिनीत कोश करून पुन्हा माशी होऊन निघतात. भात निघाल्यावर ओलीवर वाल पेरतात, तसा तो रिकाम्या वाफ्यातही पेरावा. त्याच्या मुळांवरील गाठींतील जंतू हवेतील नत्र धरून ठेवितात, आणि घरात बिरड्याची सोय होते ती निराळीच. फाल्गुनानंतर वाफ्यावर पेंढा अंथरावा. पाणी निम्म्यावर भागते, आणि पहिल्या वळवाच्या सरीचा मारा उघड्या मातीवर बसत नाही.

पालकांस एक विनंती. परीक्षेच्या दिवसांत पाणी खुशाल तुम्ही घाला, पण वाफा मुलाचाच राहू द्या. ज्या घरची कर्ती माणसे मुंबईस कामाला आहेत, तेथे आजीस विचारावे. कोणता वेल कोठे चढवावा हे तिला ठाऊक असते.

बियाणे घरचे हवे असल्यास भेंडीच्या निरोगी झाडावरील दोन-तीन फळे तोडू नयेत. झाडावरच सुकू द्यावीत. मग बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवावे व बाटलीवर वर्ष लिहावे.