कऱ्हाड दोनदा

"साहेब, आमचं कऱ्हाड यादीत दोनदा कसं काय?" शेतकरी गटाच्या सचिवांचा फोन आला. आल्याच्या मालाच्या नोंदी ब्लॉकचेनवर ठेवून पाहायचा छोटा प्रयोग होता, नशिबाने चाचणी नेटवर्कवरच. सॉलिडिटीतलं कॉन्ट्रॅक्ट माझं. गाव दुबार येऊ नये म्हणून त्यात तपासणीही घातली होती, आणि रोमन लिपीतल्या तीन गावांवर ती छान चालली होती.

सॉलिडिटीत दोन स्ट्रिंग थेट बरोबरीचं चिन्ह लावून ताडून पाहता येत नाहीत. दोन्हींचा केचक-२५६ हॅश काढून ते हॅश ताडायचे. पण हॅशला अक्षर कळत नाही, बाइट कळतात. 'ऱ्हा'मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागोमाग एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य. पण पहिलं कऱ्हाड १८ बाइटचं आणि दुसरं २१ बाइटचं! एक मोबाइलवरून आलं होतं, दुसरं कचेरीतल्या संगणकावरून. कॉन्ट्रॅक्टच्या दृष्टीने ती दोन गावं होती, आणि त्याचं चूक नव्हतंच.

मजकूर साफसूफ करायचं काम कॉन्ट्रॅक्टवर टाकू नका. ते बाहेर, साखळीवर जाण्याआधी उरका. खरं तर गावाचं नाव साखळीवर नेऊच नका. सरकारी गावनोंदीतला क्रमांक न्या.

तसं करायला दुसरं कारण पैशाचं आहे. इथेरियमवर साठवणीचा एक कप्पा ३२ बाइटचा, आणि ३१ बाइटपर्यंतची स्ट्रिंग आपल्या लांबीसकट एकाच कप्प्यात मावते. इंग्रजीत तेवढं पुष्कळ. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-हलन्तसुद्धा, ३ बाइट खातं. शेतकऱ्याचं नाव घ्या, नुसतं 'ज्ञानेश्वर' ३० बाइटचं. आडनाव लावलं की कप्पा फुटला. वडिलांचं नाव धरून पूर्ण नाव सहज चार कप्पे घेतं. गॅस म्हणजे व्यवहाराचं शुल्क मोजायचं एकक. रिकाम्या कप्प्यात पहिल्यांदा लिहायला सुमारे २२,१०० गॅस लागतो, आणि व्यवहारात पहिल्यांदा वाचायला २,१००.

आता माझा शहाणपणा ऐका. नवा शेतकरी नोंदवताना तो आधी आहे का, हे पाहायला मी अख्खा ॲरे लूपने चाळत होतो. चार कप्प्यांची हजार नावं म्हणजे नुसत्या वाचनाचे ८४ लाख गॅस. नावं वाढतील तसा प्रत्येक पुढचा शेतकरी महाग, आणि एक दिवस गॅसची मर्यादा ओलांडून नोंदणीच बंद. २०१६ साली गव्हर्नमेंटल नावाच्या एका पैसे-फिरवू खेळात हेच झालं. बक्षिसाचे ११०० इथर देणाऱ्या व्यवहारातच ॲरे रिकामे करायला ५०,५७,९४५ गॅस हवा होता आणि तेव्हाची मर्यादा होती ४७,१२,३८८. पैसे डोळ्यांसमोर, पण निघेनात. 'आहे की नाही' एवढंच विचारायचं असेल तर मॅपिंग वापरा. तिथे यादी किती लांब आहे याने फरक पडत नाही.

डिलीटनेही मला फसवलं. ॲरेतला एक घटक डिलीट केला की जागा जात नाही, फक्त पुसली जाते. लांबी तेवढीच राहते. सचिवांना यादीत बिननावाचा शेतकरी दिसला तो असा. शेवटचा घटक त्या जागी आणून मग पॉप करायचं. यात क्रम बिघडतो, म्हणून घटकाचा क्रमांक दुसरीकडे साठवला असेल तर तोही लगेच बदला.

आणि दोन स्ट्रिंग चिकटवून हॅश काढत असाल तर जपून. एनकोडपॅक्डला 'शिव' आणि 'रामवाडी' काय, 'शिवराम' आणि 'वाडी' काय, दोन्ही सारखेच. साध्या एनकोडमध्ये प्रत्येकाची लांबी सोबत जाते, म्हणून तोच घ्या.

कॉन्ट्रॅक्ट नव्याने चढवून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या. सचिव म्हणाले, "क्रमांक ठेवा, पण पडद्यावर कऱ्हाडच दिसू द्या."

चाचणीच्या फायलीत मग पहिल्या दोन ओळी कऱ्हाडच्याच घातल्या. परवा ऑफिसात आलेल्या नव्या मुलीने त्यातली एक दुबार समजून पुसून टाकली.