सायकल, पक्षी आणि फुरसतीचा हक्क

‘छंद’ हा शब्द आपल्या समाजाच्या घरांत फार उशिरा आला. ज्यांच्या पूर्वजांचे दिवस वेठबिगारीत व येसकरकीत सरले, त्यांना रिकामा वेळ म्हणजे बुडालेली मजुरी वाटावी, यात नवल नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस व गांधीजींच्या कार्याची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात फुरसतीचा प्रश्न मुळापासून मांडला आहे. माणसाला सुसंस्कृत जीवन जगायचे तर पोटासाठीच्या कष्टातून सुटलेला वेळ त्याच्या हाती हवा आणि तो वेळ यंत्र देते, हा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, तेथील शिक्षकांना हा वाद केवळ पुस्तकी कसा वाटावा? सायकल हेही यंत्रच. आपल्या पिढीला तिने शाळेत पोहोचविले, कामावर नेले. आता तिच्यावरून केवळ पाहण्यासाठी बाहेर पडावे, असे आम्ही विद्यार्थ्यांना व पालकांना सुचवीत आहोत.

पक्षी पाहण्यास सायकल विशेष सोयीची आहे. पायी दोन-तीन किलोमीटरांत सकाळ संपते. मोटारसायकलच्या आवाजाने कान निकामी होतात, आणि निम्मे पक्षी प्रथम कानालाच सापडतात. सायकलवरून दहा-पंधरा किलोमीटरांत शेत, नाला, पडीक माळ व तलाव असे चार निरनिराळे अधिवास सहज होतात. पक्षी दिसताच जागीच करकचून ब्रेक दाबू नये. सरकत्या सायकलीची त्यांना फारशी धास्ती नसते. अचानक थांबलेल्या माणसाची असते. म्हणून थोडे पुढे जावे, डावीकडे उतरून उभे राहावे, मग मान वळवावी. सकाळी पश्चिमेकडे निघावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो व पिसांचे रंग खरे दिसतात. कपडे मातकट असावेत. आठ पट मोठे दाखविणारी दुर्बीण पुरते. ती नसली तरी पहिले वर्ष डोळ्यांवर भागते.

सेलू-हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील विजेच्या ताराच आधी वाचाव्यात. कपाशीच्या शेतांवरील या तारांवर कोतवाल, वेडा राघू, होला, खंड्या आणि नीलपंख बसलेले आढळतात. पुढे बोर धरण व त्याभोवतीचे जंगल आहे. बोर अभयारण्य १९७० साली झाले व २०१४ साली त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेथे सायकलीचे काम नाही. जंगलालगतच्या रस्त्यांवरही अंधूक प्रकाशात एकट्याने फिरू नये.

नीलपंखाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. बसलेला असताना हा पक्षी मळकट तपकिरी दिसतो. उडाला की पंखांतील दोन निळ्या छटा एकाएकी उघडतात. नाकतोडे, भुंगेरे खाऊन तो शेतकऱ्याचे काम करतो. वर्धा शहराने काही वर्षांपूर्वी मतदान घेऊन यालाच शहरपक्षी म्हणून निवडले. मात्र दसऱ्याला नीलकंठाचे दर्शन शुभ, या समजुतीपायी काही प्रांतांत त्याला पकडून, पिंजऱ्यात घालून दारोदार दाखविले जाते. अनेक पक्षी त्यातच मरतात. १९५६ साली ज्या विजयादशमीला नागपुरात धम्मदीक्षा झाली, तोच हा दिवस. शकुन-अपशकुनाचे जोखड आपण त्या दिवशी उतरविले आहे. बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान नाकारलेले आहे. त्यामुळे कावळा आपल्यासाठी पितर उरला नाही, तो कावळा झाला आणि निरीक्षणास मोकळा झाला. पिंगळा, घुबड व रात्री ओरडणारी टिटवी यांनाही तोच न्याय. ‘एहि पस्सिको’, ये आणि पाहा, हे धम्माचे लक्षण पक्षिनिरीक्षकाला वेगळे शिकवावे लागत नाही.

इतिहासाच्या तासाला आम्ही सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचून दाखवितो. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी त्यात आहे. तिचा आरंभच पक्ष्यांनी होतो: शुक, सारिका, पुढे चक्रवाक, हंस. पोपट व साळुंकी वसतिगृहाच्या झाडांवर दिसतात. नारिंगी-बदामी रंगाचा चक्रवाक हिवाळ्यात उत्तरेकडून विदर्भाच्या जलाशयांवर उतरतो. शिलालेखातील शब्द पाण्यावर पोहताना दिसला की मुले तो स्तंभलेख विसरत नाहीत, हा आमचा अनुभव.

आता गिधाडे. मेलेली जनावरे ओढण्याचे व सोलण्याचे काम ज्यांच्यावर लादले होते, त्यांच्याइतक्या जवळून गिधाड कोणी पाहिले नसेल. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले. लोकांनी पुढे ते कामही सोडले; ते योग्यच झाले. गिधाडे नाहीशी झाली ती मात्र त्यामुळे नव्हे. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफिनॅक त्या गुरांच्या शवातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९०च्या दशकापासून भारतातील तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. गिधाडे कशी येत, कोण आधी बसे, किती वेळात सांगाडा उरे, हे आज सत्तरी ओलांडलेल्या आपल्या माणसांनाच ठाऊक आहे. त्यांची लाज वाटून हे ज्ञान दडपले गेले. ती लाज त्यांची नव्हे, ज्यांनी ते काम लादले त्यांची होती.

म्हणून आमच्या वहीत दोन रकाने जादा आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या व वर्तन हे नेहमीचे. त्यापुढे ‘घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेले नाव’ आणि ‘त्यांनी पूर्वी कोठे पाहिला’. पक्ष्याचे घरटे सापडल्यास त्याची जागा वहीत लिहू नये, छायाचित्रही कोणाला पाठवू नये.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह असतो. ५ तारीख मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी वही घेऊन निघावे. सायकलीच्या हवेची तपासणी आदल्या रात्रीच करावी, कारण पहाटे साडेपाचला पंक्चरचे दुकान उघडे नसते.