केसांचा खिजाब: मेंदीचा रंग आणि मेंदीचे नाव

ईद जवळ आली की मोहल्ल्यातील दुकानांत मेंदीच्या पुड्यांचा खप वाढतो. भगिनी हातांसाठी मेंदी घेतात, तर वडीलधारी मंडळी दाढी आणि डोक्याच्या केसांसाठी. याच दिवसांत मशिदीच्या इमामाला काही प्रश्न हमखास विचारले जातात. केसांना मेंदी लावणे सुन्नत आहे का? ‘काळी मेंदी’ चालते का? मेंदी लावल्यावर वुजू होतो का? आणि इतके करूनही रंग नीट का चढत नाही? पहिले तीन प्रश्न शरीअतचे आहेत, चौथा वनस्पतीच्या गुणधर्माचा. तरीही चारही प्रश्नांची उत्तरे शोधताना दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. आपण लावतो ती खरोखर मेंदी आहे का, आणि ती आपण कोणत्या हेतूने लावतो?

प्रेषितांची शिकवण

हिजरी सन ८ मध्ये (इ. स. ६३०) मक्का विजयाच्या प्रसंगी हजरत अबू बक्र (रजि.) यांचे वयोवृद्ध वडील हजरत अबू कुहाफा (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आणण्यात आले. त्यांचे डोके आणि दाढी सगामा नावाच्या वनस्पतीच्या फुलांसारखी पांढरीशुभ्र झाली होती. प्रेषितांनी (स.) हा पांढरेपणा कशाने तरी बदलण्यास सांगितले आणि काळा रंग टाळण्याची सूचना केली. हजरत जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्या हदीसमध्ये पांढरे केस बदलण्यासाठी मेंदी आणि कतम या सर्वांत चांगल्या वस्तू सांगितल्या आहेत. कतम ही काळपट रंग देणारी वनस्पती आहे. मेंदीच्या लालीत ती मिसळली की गडद तपकिरी छटा येते. हजरत अनस (रजि.) यांच्या कथनानुसार हजरत अबू बक्र (रजि.) मेंदी व कतम वापरीत आणि हजरत उमर (रजि.) निव्वळ मेंदी वापरीत.

यावरून खिजाब करणे पसंतीचे आहे, हे स्पष्ट होते. मात्र ते अनिवार्य नाही. काही सहाबांनी (रजि.) आपले केस पांढरेच ठेवले होते. इस्लाममध्ये राहून ज्याचे केस पिकले त्याच्यासाठी ते कियामतच्या दिवशी प्रकाश ठरतील, अशी शुभवार्ताही हदीसमध्ये आली आहे आणि पांढरे केस उपटण्यास मनाई केली आहे. म्हणून पिकलेल्या केसांची लाज वाटण्याचे कारण नाही. मेंदीने केसांना शोभा येते, पण पाहणाऱ्याला वय कळायचे ते कळतेच. हीच तिची खुबी आहे.

काळ्या रंगाचा हुकूम

काळ्या खिजाबाबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. शाफिई मसलकचे थोर विद्वान इमाम नववी (रह.) यांनी तो हराम असल्याचे मत योग्य ठरवले आहे. हनफी मसलकमध्ये तो सर्वसाधारणपणे मकरूह मानला जातो. रणांगणावरील योद्ध्याला सूट दिली गेली आहे, आणि इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून काहीशी मुभा नोंदवली गेली आहे. आपल्याकडे कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफिई आहेत, तर देशावर, मराठवाड्यात आणि विदर्भात हनफी अधिक आहेत. प्रत्येकाने आपल्या मसलकच्या आलिमांकडून मार्गदर्शन घ्यावे आणि दुसऱ्याच्या दाढीवरून वाद घालू नये.

एका बाबतीत मात्र मतभेद नाही. फसवणूक हराम आहे. निकाहच्या बोलणीत समोरच्या घराला आपले वय कमी वाटावे, यासाठी केस काळे करून बसणे ही फसवणूकच होय, मग तो पुरुष असो वा स्त्री. काळे केस पाहून होकार दिलेल्या व्यक्तीला निकाहनंतर खरे वय कळते, तेव्हा विश्वासाला पहिल्याच दिवशी तडा गेलेला असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हुकूम रंगाला लागू होतो, वनस्पतीच्या नावाला नाही. मेंदीवर निळीच्या पानांची पूड लावून केस कोळशासारखे काळे केले, तर ‘वस्तू नैसर्गिक आहे’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. तीच पूड मेंदीच्या जोडीने तपकिरी छटेपुरती वापरली, तर ती मेंदी आणि कतमच्या परंपरेशी जुळते.

‘काळी मेंदी’ म्हणजे काय?

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. त्याचा रंग नारिंगी ते तांबडा असतो. कोणत्याही शेतातील मेंदी स्वतःहून काळा रंग देत नाही. त्यामुळे ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि अर्ध्या तासात केस काळे करणाऱ्या पुडीत दुसरे काही तरी मिसळलेले असते. पुष्कळदा ते पॅरा-फिनायलीन-डायअमीन, म्हणजेच पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने तीव्र ॲलर्जी होते. टाळूला खाज सुटते, पापण्या सुजतात, कपाळावर आणि कानामागे फोड येतात. एकदा ही ॲलर्जी जडली की पुढच्या वेळी त्रास अधिक होण्याची शक्यता असते. सूरह बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःला आपल्या हातांनी विनाशात न लोटण्याची ताकीद आहे. सुन्नत समजून शरीराला इजा करून घेणे शहाणपणाचे नाही. पुडीवरील घटकांची यादी वाचावी. त्यात मेंदीच्या पानांव्यतिरिक्त रसायनांची नावे असतील, किंवा यादीच नसेल, तर ती पुडी परत करावी. नवी पूड वापरण्यापूर्वी थोडी भिजवून कानामागे लावून पाहावी आणि दोन दिवस वाट पाहावी.

दुकानदार बांधवांनीही लक्षात घ्यावे की रसायन विकताना त्याला मेंदी म्हणणे हा व्यापारातील खोटेपणा आहे.

रंग चांगला चढण्यासाठी

१. शुद्ध पूड मळकट हिरवी दिसते आणि तिला वाळलेल्या गवतासारखा वास येतो. भडक हिरव्या पुडीबद्दल शंका घ्यावी. पूड जुनी असेल तर रंग फिका येतो. राजस्थानच्या पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी प्रसिद्ध असून तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. केसांसाठी बारीक वस्त्रगाळ पूड घ्यावी, म्हणजे धुताना कण अडकत नाहीत.

२. मेंदी कोमट पाण्यात दह्याइतकी घट्ट भिजवावी आणि त्यात थोडा लिंबाचा रस घालावा. सौम्य आंबटपणामुळे पानांतील रंग सावकाश सुटतो. उकळते पाणी वापरू नये. झाकून सहा ते आठ तास ठेवावी. वरचा थर तपकिरी आणि आतला भाग हिरवा दिसला की मेंदी तयार झाली असे समजावे. आपल्या घरांतून लोखंडी कढईत चहाच्या पाण्याने मेंदी भिजवण्याची रीत आहे. त्यानेही छटा गडद होते.

३. केस आधी धुऊन वाळवावेत. तेलकट केसांवर रंग धरत नाही. भांग पाडत पाडत, मुळांपासून टोकांपर्यंत भरपूर लेप द्यावा. कपाळावर आणि कानांवर डाग पडू नये म्हणून तेथे तेलाचे बोट फिरवावे.

४. लेप दोन ते चार तास ठेवावा आणि डोके झाकून घ्यावे. वाळलेला लेप रंग देत नाही. नंतर साध्या पाण्याने धुवावे. त्या दिवशी शाम्पू वापरू नये.

५. पांढऱ्या केसांवर रंग प्रथम भडक नारिंगी दिसतो. घाबरून लगेच दुसरा रंग लावू नये. हवेच्या संपर्काने तो दोन-तीन दिवसांत गडद होतो. म्हणून ईदसाठी मेंदी चांदरातीला न लावता दोन-तीन दिवस आधी लावावी.

६. तपकिरी छटा हवी असल्यास निळीच्या पानांची पूड निव्वळ कोमट पाण्यात वेगळी भिजवावी आणि दहा-पंधरा मिनिटांनी तयार मेंदीत मिसळून लगेच लावावी. निळीचे प्रमाण वाढवले की रंग काळ्याकडे झुकतो, म्हणून ते मेंदीपेक्षा कमी ठेवावे.

वुजू, गुस्ल आणि इतर मसाइल

मेंदीचा रंग केसांत आणि कातडीत मुरतो, त्याचा पाणी अडवणारा थर बनत नाही. म्हणून रंगलेल्या केसांवर वुजू आणि गुस्ल दोन्ही होतात. लेपाची गोष्ट वेगळी आहे. दाढीवर किंवा डोक्यावर वाळलेला लेप पाणी अडवतो. लेपाच्या वरून केलेला मसह केसांपर्यंत पोहोचत नाही आणि गुस्लमध्ये तर पाणी सर्वत्र पोहोचणे आवश्यक आहे. वुजू आधीचा असेल तर लेप असतानाही नमाज होते, कारण मेंदी पाक आहे. फजरच्या नमाजनंतर मेंदी लावून जुहरपूर्वी धुऊन टाकणे सर्वांत सोयीचे. त्यामुळे पुरेसा वेळ मिळतो आणि नमाजही चुकत नाही.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी मेंदीचे काम एहरामपूर्वीच उरकावे, कारण हनफी मसलकमध्ये मेंदी सुगंधी वस्तूंत मोडते. पती वारलेल्या भगिनीने इद्दतच्या काळात मेंदी लावू नये. पुरुषांनी केस आणि दाढी रंगवावी, पण हातापायांवर शोभेसाठी मेंदी लावणे हा स्त्रियांचा शृंगार आहे. जखमेवर किंवा काटा रुतलेल्या जागी औषध म्हणून लावणे याला अपवाद आहे. तान्ह्या बाळांना मात्र मेंदी लावू नये. जी६पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी मेंदीमुळे फुटू शकतात.

अल्लाहने माणसाला बालपण, तारुण्य आणि वार्धक्य असे टप्पे दिले आहेत. प्रत्येक टप्प्याचे स्वतःचे सौंदर्य आहे. मेंदी त्या सौंदर्याला मान देते. ती वेळ मागते, धीर मागते आणि आपला रंग हळूहळू दाखवते. अल्लाह आपणा सर्वांना आपल्या प्रेषितांच्या (स.) सुन्नतवर सचोटीने चालण्याची सद्बुद्धी देवो आणि आपले पांढरे केस त्या दिवशी प्रकाश ठरवो. आमीन.