काटा कधी चढतो ते लिही

कराड

चि. बाळू यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू वैतागला होतास म्हणून तेव्हा काही बोललो नाही. चार महिन्यांत गाडी तिसऱ्यांदा तापली, दोन गॅरेज झाली, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटर धुऊन घेतला, आणि परवा नवले पुलाच्या कोंडीत काटा पुन्हा लाल रेघेला. आता तू म्हणतोस, गाडीच फसवी निघाली, आलेल्या किमतीला विकून टाकतो. विक, पण आधी माझं ऐक.

डेपोत 31 वर्षं पाने फिरवले मी. ड्रायव्हर तक्रार लिहून द्यायचे, 'गाडी ओढत नाही.' त्याला दहा कारणं असतात. पण एखादा शहाणा पुढे लिहायचा, 'फक्त सकाळच्या पहिल्या फेरीला.' त्या चार शब्दांनी आमचं निम्मं काम व्हायचं. तू मिस्त्रीला नुसतं 'तापते' म्हणालास, त्याने सुचला तो पार्ट बदलला. यात त्याची लबाडी असेलच असं नाही.

आमची पहिली जुनी गाडी तुला आठवत नसेल. दर सोमवारी सकाळी बॅटरी मेलेली. मी एवढा मिस्त्री, तरी दोन बॅटऱ्या बदलल्या! सोमवारच का, हे तुझ्या मामीने विचारलं, मला सुचलं नव्हतं. शनिवार-रविवार गाडी जागेवर उभी असायची, बाकी दिवस डेपोत ये-जा करताना चार्ज व्हायची. म्हणजे उभ्या गाडीत काहीतरी वीज पीत होतं. शेवटी मी स्वतः डिकीत शिरलो आणि मामीला वरून झाकण लावायला सांगितलं. आत लख्ख उजेड! झाकणाचं बटण अडकलेलं. 5 वॅटचा दिवा म्हणजे साधारण 0.4 अँपिअर, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ 60 तास धर, 24-25 अँपिअर-तास गेले. 35 अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायला काय उरणार? (मामीने झाकण उघडायला जरा जास्तच वेळ लावला, ती गोष्ट वेगळी.)

आता तुझ्या गाडीकडे ये. गणपतीला तू आलास तेव्हा चौघं जण आणि सामान घेऊन खंबाटकी चढलास, काटा मध्यावरून हलला नाही, असं तूच सांगितलंस. ही माहिती तू एकाही मिस्त्रीला दिली नाहीस. घाटात इंजिनावर सगळ्यात जास्त ताण. तिथे तापत नाही म्हणजे पाण्याचा पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट बहुतेक ठीक असणार. धावत्या गाडीला समोरून वारा लागतो. कोंडीत तो नसतो, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. माझा संशय पंख्यावर आणि त्याच्या वायरिंगवर आहे. गाडी उभी करून एसी लाव. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघ, मग रिले. बऱ्याच गाड्यांत पंख्याचा आणि हॉर्नचा रिले एकाच जातीचा असतो. वरचा नंबर जुळत असेल तर गाडी बंद करून अदलाबदल कर. हॉर्न गप्प झाला तर चोर सापडला. बोटं मात्र पात्यांपासून लांब ठेव, काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा सुरू होतो.

तरी कूलंटच्या डबीवर खडूने रेघ मार आणि रोज सकाळी बघ. खाली थेंब नाही आणि पातळी उतरते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मळ, मागून सतत पांढरा धूर, असं असेल तर मामला हेड गॅस्केटचा. मग हेड उघडा, फेसिंग करा. तो खर्च गाडीच्या किमतीशी ताडून बघावा लागेल, आणि तेव्हा विकायचा विचार कर. बोअरचं पाणी ओतू नकोस, क्षार आत बसतात.

कागदांचंही सांगतो. तू घेतलीस ती गाड्यांचा धंदा करणाऱ्याकडून. घरगुती माणसाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगात जाता आलं नसतं. तुला येईल; मुदत 2 वर्षांची, सल्ल्याला 1915 नंबर आहे. पण जुन्या गाडीची झीज म्हणजे फसवणूक नव्हे. त्याने व्हॉट्सॲपवर 'इंजिनाला कधी हात लागलेला नाही' असं लिहिलं होतं ना? तो मेसेज आणि गॅरेजची बिलं जपून ठेव. बदललेला पार्ट मिस्त्रीकडून मागून घे. आणि विमा अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे हे ऐकून मला खरंच राग आला. तो आपल्या नावावर करून घ्यायला 14 दिवस असतात, तू चार महिने घालवलेस. उद्या ते काम आधी कर.

भांडायला आज जाऊ नकोस. आठवडाभर वहीत लिही, कधी तापली, कुठे, एसी चालू होता का, पंख्याचा आवाज आला का.

शनिवारी संध्याकाळीच ये, मुक्कामाला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, रात्रभर गाडी थंड झाली की सकाळी दोघं मिळून बघू. मामी म्हणते, भाकरी-पिठलं करते. वही विसरू नकोस.

तुझा
मामा